पीएलसी पॅनेल
पीएलसी पॅनेल म्हणजे कारखान्यातील यंत्रे चालवणारा प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, त्याचा वीजपुरवठा व रिले ज्यात बसवतात ती पत्र्याची बंद पेटी होय. साखर कारखाने व औष्णिक वीज केंद्रे यांत तिचा उपयोग होतो. बीड जिल्ह्यात हे दोन्ही उद्योग आहेत. येथे उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि हवेत राख किंवा उसाच्या भुशाचे कण असतात. पेटीची निवड प्रामुख्याने याच दोन गोष्टींवर ठरते.

पंख्याने आतील तापमान बाहेरच्यापेक्षा कमी होऊ शकत नाही. ४०० वॅट उष्णता १० अंशांच्या फरकाने बाहेर काढण्यास ताशी सुमारे १२५ घनमीटर हवा लागते; बाहेर ४२ अंश असल्यास आत ५२ अंश होतात. अनेक कंट्रोलरांची मर्यादा ५५ ते ६० अंश असते. गाळणी राखेने बुजली की ही थोडी सवलतही संपते. दार उघडे ठेवून समोर टेबलफॅन लावण्याच्या प्रचलित उपायाने तर धूळ थेट आत जाते. त्यामुळे अशा जागी आयपी ५५ दर्जाची पेटी व आतलीच हवा फिरवून थंड करणारा पॅनेल एसी अधिक योग्य ठरतो.

पाण्यावर चालणारे शीतक अधिक कार्यक्षम असले, तरी पाणीटंचाईच्या भागात ते बेभरवशाचे आहेत. परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्रच २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.