बहर ओसरल्यावर

हॉलंडमध्ये हार्लेम आणि लायडन या शहरांच्या दरम्यान, सागरकिनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्यांमागे, रेताड जमिनीचा एक चिंचोळा पट्टा आहे. एप्रिल महिन्यात तेथील ट्यूलिपची शेते फुलतात आणि तो रंगसोहळा पाहण्यास देशोदेशींचे प्रवासी लोटतात. परंतु बहर ऐन भरात असतानाच शेतकरी ती फुले देठावरून छाटून टाकतो. नवख्या प्रेक्षकाला हा प्रकार निर्दयपणाचा वाटतो. फुलांच्या शेतीत फुलांचाच असा अव्हेर का व्हावा? उत्तर सोपे आहे. या शेतकऱ्याचे पीक फूल नसून मातीखालचा कंद हे आहे, आणि कंदाची खरी जोपासना बहर ओसरल्यावरच सुरू होते. ही गोष्ट माळ्यांच्या हातांना फार पूर्वी कळली. तिचे मर्म उमगण्यास मात्र युरोपला तीनशेहून अधिक वर्षे लागली.

ट्यूलिप हे मूळचे मध्य आशियातील डोंगराळ मुलखाचे फूल. तेथला हिवाळा कडाक्याचा, वसंत अल्पायुषी आणि उन्हाळा कोरडा. अशा ठिकाणी तग धरायची, तर थोड्या दिवसांत फुलावे, पानांनी अन्न साठवावे आणि उरलेले वर्ष जमिनीखाली काढावे, हाच मार्ग. उस्मानी तुर्कांच्या उद्यानांतून हे फूल सोळाव्या शतकात युरोपात गेले. थोर वनस्पतिज्ञ कॅरोलस क्लुसियस १५९३ साली लायडनच्या विद्यापीठात आला, तो आपल्या कंदसंग्रहासह. पुढल्याच वसंतात तेथील बागेत ट्यूलिप फुलले. त्याने जे कंद विकण्याचे नाकारले ते चोरांनी रातोरात लांबवले, असे सांगतात.

त्या कंदांबरोबर त्यांची निगाही रुजली. फूल सुकताच बोंड धरू न देता ते खुडावे, म्हणजे झाडाची शक्ती बियांत खर्च होत नाही. पाने मात्र आपणहून पिवळी पडेपर्यंत कापू नयेत. कारण त्या पाचसहा आठवड्यांत सूर्यप्रकाशावर ती जे अन्न तयार करतात, त्यावरच नवा कंद पोसला जातो. ट्यूलिपचा जुना कंद तर दरवर्षी झिजून संपतो आणि त्याच्या कुशीतले पिल्लू-कंद त्याची जागा घेतात. अवेळी पाने कापणे म्हणजे या पिल्लांच्या तोंडचा घास काढणे होय. जूनच्या सुमारास कंद काढावेत, सावलीत खेळत्या हवेत वाळवावेत आणि थंडी पडू लागली की पुन्हा लावावेत, असा हा क्रम आहे.

सतराव्या शतकातील प्रसिद्ध ट्यूलिप-वेडाला याच क्रमाने चालना दिली. कंद प्रत्यक्ष हाती घेऊन पाहता येई तो केवळ उन्हाळ्यात. १६३६-३७ च्या हिवाळ्यात माल जमिनीत आणि व्यापार मद्यगृहांत, अशी स्थिती झाली. न पाहिलेल्या कंदांच्या करारपत्रांवर बोली चढत गेली. डच लोक त्याला ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणत. फेब्रुवारी १६३७ च्या आरंभी हार्लेममध्ये गिऱ्हाईक पुढे येईना आणि सारा डोलारा कोसळला. देशच भिकेला लागला, ही पुढे रूढ झालेली कथा अतिरंजित असल्याचे अ‍ॅन गोल्डगार यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. मात्र एकमेकांच्या शब्दावरचा विश्वास त्या वेळी ढळला, हे खरे.

यातील मोठा विपर्यास वेगळाच आहे. सर्वांत चढे मोल मिळे ते ‘सेंपर ऑगस्टस’सारख्या, पाकळ्यांवर ज्वालेसारखे पट्टे उमटलेल्या फुलांना. असे फूल देणारा कंद पुढे क्षीण होतो, हे क्लुसियसच्या नजरेस आधीच आले होते. कारण मात्र कळले ते १९२८ साली. इंग्लंडमधील डोरोथी केली यांनी हे पट्टे संसर्गाने येतात, हे प्रयोगांनी सिद्ध केले. ती एका विषाणूची बाधा होती आणि मावा ही कीड ती पसरवीत होती. आजारी कंदाला पिल्ले कमी, म्हणून तो दुर्मिळ; आणि दुर्मिळ म्हणून महाग! लोकांनी रोगालाच रत्न मानून तराजूत घातले होते.

विसाव्या शतकात विश्रांतीच्या काळाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले. इंग्लंडमध्ये सूत्रकृमींमुळे डॅफोडिलचे कंद कुजू लागले, तेव्हा जेम्स रॅम्सबॉटम यांनी १९१७ च्या सुमारास उपाय सुचवला : काढलेले निद्रिस्त कंद सुमारे ४३ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात काही तास ठेवावेत. कृमी मरतात, कंद वाचतो. हॉलंडमध्ये वागेनिंगेन येथे ब्लाऊ यांनी १९२० नंतरच्या दशकात ट्यूलिप आणि हायसिंथचे कंद निरनिराळ्या तापमानांत ठेवून व चिरून पाहिले. बाहेरून निर्जीव दिसणाऱ्या त्या कंदांत, कोठारातल्या फळीवर, उन्हाळ्यातच पुढल्या वसंताचे फूल आकार घेत असते, असे त्यांना आढळले. म्हणजे कोठाराची हवा बिघडली की पुढल्या वर्षीचा बहरही बिघडला.

याच कोठारांनी एकदा निराळे कर्तव्य बजावले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन अंमलाखालील पश्चिम हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. सुमारे वीस हजार माणसे दगावली. तेव्हा लोकांनी कंदांतील मधला कोंब काढून टाकला आणि उरलेला भाग शिजवून खाल्ला. पानांनी वसंतात फुलासाठी साठवलेले पिष्ट माणसांच्या पोटात गेले.

श्रीनगरला दल सरोवराजवळ, झबरवानच्या उतारावर, ट्यूलिपचे विस्तीर्ण उद्यान आहे. तेथील बहर जेमतेम महिनाभर टिकतो. मग प्रवासी परततात, फाटक बंद होते. आणि पिवळ्या पडत चाललेल्या पानांमधून माळी फिरू लागतात. त्यांचे वर्ष तेव्हा कुठे सुरू झालेले असते.