निळी रेषा, लाल रेषा

पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना विचारतात, "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. सांगलीकरांचे डोळे 1929 च्या आयर्विन पुलाकडे लागलेले असतात. तिथे हेच आकडे 40 आणि 45.

पुराचे नकाशे नव्हते तेव्हाही कृष्णेच्या या खोऱ्यात पुराला माप होते. नृसिंहवाडीत कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दक्षिणद्वार सोहळ्यात भाविक स्नान करतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वर हलवायची. नदी कुठवर आली, हे गाव देवळावरून ओळखायचे.

कागदावरची रेषा उशिरा आली. 1989 मध्ये राज्याच्या पाटबंधारे खात्याने पूररेषांचे नियम ठरवले: सरासरीने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल.

पण शंभर वर्षांच्या नोंदी नसताना शंभर वर्षांचा पूर सांगायचा कसा? त्यासाठी जगभर ज्यांची रीत वापरतात, ते एमिल गुंबेल हे हायडेलबर्गचे जर्मन गणिती. उजव्या गटांनी केलेल्या राजकीय खुनांची आकडेवारी छापल्यामुळे ते अनेकांच्या डोळ्यांत खुपत होते. 1932 मध्ये विद्यापीठाने त्यांना काढले. फ्रान्समार्गे अमेरिकेत पोचल्यावर 1941 मध्ये त्यांनी पुरांच्या पुनरागमनावर निबंध लिहिला. दरवर्षीचा फक्त सर्वांत मोठा पूर घ्यायचा, ते आकडे एका वक्रात बसवायचे आणि तो वक्र नोंदींच्या पलीकडे न्यायचा. परागंदा माणसाचे हे गणित आज आपल्या नदीकाठच्या बांधकाम परवान्यांपर्यंत येऊन पोचले आहे.

वक्रातून विसर्ग, म्हणजे नदीतून किती पाणी वाहील ते मिळते. मग नदीचे ठिकठिकाणी आडवे छेद मोजून, संगणकावर तेवढे पाणी सोडून, ते कुठे पसरते ते जमिनीच्या उंचीवर ताडून पाहतात. शिरोळसारख्या सपाट मुलखात खरी अडचण या उंचीचीच. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकी अंतराळयानाने रडारने टिपलेली उंची जगभर फुकट वापरली जाते. पण तिच्यात काही मीटरची चूक सहज असते, आणि इथे एका मीटरने आख्खी गल्ली रेषेच्या आत किंवा बाहेर जाते. शिवाय कृष्णा तुडुंब असली की नृसिंहवाडीच्या संगमावर तिला मिळणारी कोल्हापूरची पंचगंगा तुंबते. एकट्या पंचगंगेचा हिशेब कितीही चोख केला तरी तो कोल्हापूरला पुरत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा 'शंभर वर्षांचा पूर' या शब्दांनीच केला आहे. एकदा येऊन गेला म्हणजे आता नातवंडांच्या काळात, असा त्याचा अर्थ लोक घेतात. खरा अर्थ एवढाच, की दर पावसाळ्यात त्याची शक्यता 1 टक्का. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती सुमारे 26 टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घराला तर तेवढ्याच काळात सुमारे 71 टक्के. 2005 चा महापूर लोक विसरले नव्हते तोच 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. त्याच वर्षी राजाराम बंधाऱ्यावर 55 फूट ओलांडले, आणि 2021 मध्ये पुन्हा. असे आकडे नोंदीत पडले की वक्र वर सरकतो, आणि कालपर्यंत बाहेर असलेली घरे रेषेच्या आत येतात.

2019 च्या पुरात ढगांमुळे साध्या उपग्रहांना खालचे काही दिसत नव्हते. युरोपच्या सेंटिनेल-1 च्या रडारला ढगांचा अडथळा नसतो. त्याच्या चित्रात साचलेले पाणी काळे दिसते. गणिताने काढलेली रेषा त्या काळ्या डागांच्या कडेशी जुळते का, हे आता ढोबळमानाने तपासता येते.