ओसरी आणि माजघर : एका वास्तूचे दोन नकाशे

पांढुर्णा आणि सौंसर हा सातपुड्याच्या दक्षिण अंगाचा मराठी मुलूख. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हे दोन तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. या सीमांची नोंद इतिहासाने केली. घराच्या आतील सीमांची नोंद मात्र क्वचितच झाली.

जुन्या मराठी घराचे वर्णन कागदोपत्री येते ते खण, मजले आणि चतुःसीमा यांच्या भाषेत. ते दर्शनी दारातून आत पाहणाऱ्या पुरुषाचे वर्णन होय. ओसरीवर त्याची बैठक. शेतीचा हिशेब, कापसाचा व्यवहार, पाहुण्यांची उठबस तेथेच. स्त्रीचे घर उलट टोकाने सुरू होई : विहीर, परसदार, चूल, कोठीची खोली, माजघर. विहिरीचे अंतर ती पाण्याच्या खेपांनी जाणत असे. माजघरातील अंधार बाहेरच्याला कोंदट वाटला तरी दुपारच्या विसाव्याला आणि मनमोकळ्या बोलण्याला तोच आडोसा होता. बाळंतपणात व विटाळाच्या दिवसांत मात्र तेच घर एका कोपऱ्याएवढे होऊन जाई. अर्थात हे चित्र सुखवस्तू घरांचे. शेतमजूर स्त्रीच्या एकखणी घरात अशी विभागणी परवडणारीच नव्हती.

या दुसऱ्या नकाशाचा पुरावा दप्तरात नसला तरी आचारात आहे. भाद्रपदात महालक्ष्म्या घरी येतात, तेव्हा दारापासून हळदीकुंकवाची पावले उमटवली जातात आणि मुखवटे हाती घेऊन सुवासिनी देवीला स्वयंपाकघर, धान्याची कोठी, दुधदुभत्याची जागा दाखवीत फिरतात. घर कशावर उभे आहे, याचे हे स्त्रियांनी केलेले वास्तुवर्णनच म्हणावे लागेल.

ज्या घराचा कानाकोपरा तिला ठाऊक, त्यावरील तिचा हक्क मात्र अपुराच राहिला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वारस मानले. तरी कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारसांनी आपापले हिस्से वेगळे करण्याचे ठरवीपर्यंत तिला मागता येत नसे, आणि सासरी नांदणाऱ्या मुलीला तेथे राहण्याचाही हक्क नव्हता. हे तेविसावे कलम २००५ मध्ये वगळण्यात आले.

मग हा भेद नजरेचा, की वहिवाटीचा? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५७ देशांतील पाच लाखांहून अधिक लोकांची मार्ग शोधण्याची क्षमता मोबाइलवरील खेळाद्वारे तपासली गेली. जेथे स्त्री-पुरुष विषमता अधिक, तेथे या क्षमतेतील तफावतही अधिक आढळली. एवढ्यावरून सर्व उलगडा होत नाही. परंतु स्थळाची जाण ही वावरण्याच्या मोकळिकीशीही निगडित असते, असे त्यातून सूचित होते.

ग्रंथालयाची वास्तूही या प्रश्नापासून अलिप्त नाही. अनेक जुन्या मराठी वाचनालयांत महिलांसाठी वेगळा विभाग ठेवावा लागला, यातच पुष्कळ काही आले. आज जुनी घरे पाडली जात आहेत. त्यांची मोजमापे घेताना परसदाराकडून आत येणारी वाटही नोंदली जावी, आणि ती वाट आयुष्यभर तुडवलेल्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडूनच ती उतरवून घ्यावी. हे काम ग्रंथालयांनी हाती घेण्यास आता फार विलंब परवडणार नाही.