बैकल सरोवरातील बर्फ : हालचाल व फूट

सायबेरियाच्या आग्नेय भागातील बैकल सरोवरात (लांबी ६३६ किमी., कमाल खोली १,६४२ मी.) पाण्याचा साठा इतका प्रचंड आहे, की ते थंड होण्यास फार वेळ लागतो आणि पृष्ठभाग बहुधा जानेवारीतच पुरता गोठतो. पुढे सुमारे एक मीटर जाडीचा होणारा हा थर अखंड दिसला, तरी स्वस्थ नसतो. तापमानात १०° से. फरक पडला, तर एक किमी. लांबीच्या बर्फात सुमारे अर्ध्या मीटरचा फरक पडतो. त्यामुळे रात्री थर आकसताना लांबच लांब भेगा पडतात, त्यांत शिरलेले पाणी तत्काळ गोठते आणि दिवसा थर प्रसरण पावू लागला, की त्याला जागा अपुरी पडून भेगेच्या कडा एकमेकींवर चढतात. अशा रीतीने उभ्या राहणाऱ्या बर्फखंडांच्या रांगांना रशियन भाषेत ‘तोरोस’ म्हणतात. मोठ्या भेगा दरवर्षी जवळपास त्याच ठिकाणी पडतात, हे स्थानिक मच्छीमार व वाहनचालक जाणून असतात. रशिया-जपान युद्धात १९०४ साली या बर्फावर रूळ टाकण्यात आले. परंतु इंजिनाचा भार त्याला पेलेना, म्हणून डबे घोड्यांकडून ओढवून न्यावे लागले.

मार्च-एप्रिलमध्ये बर्फाची जाडी हे त्याच्या बळाचे माप राहत नाही, आणि हिवाळ्याअखेरचा खरा धोका यातच आहे. बैकलवर हिमवर्षाव बेताचा होत असल्याने ऊन पारदर्शक थरात खोलवर शिरते आणि बर्फाच्या स्फटिकांमधील सांधे आतून वितळवते. हे स्फटिक उभे, खांबांसारखे वाढलेले असल्याने सांधे सुटताच थर उभ्या कांड्यांत विभागतो व अर्धा मीटर जाड असूनही पायाखाली ढासळू शकतो. तेच ऊन बर्फाखालच्या पाण्यालाही ऊब देते. ४° से.पेक्षा थंड असलेले गोडे पाणी तापले, की हलके होण्याऐवजी जड होऊन खाली जाते. या अभिसरणामुळे सूक्ष्म शैवले प्रकाशाजवळ राहतात आणि बर्फाखालीच त्यांचा बहर येतो. काही वर्षी थराखाली फिरणारे उबदार भोवरे बर्फ वर्तुळाकार झिजवतात; कित्येक किलोमीटर व्यासाची ही काळसर कडी उपग्रहचित्रांत स्पष्ट दिसतात, जमिनीवरून मात्र ओळखू येत नाहीत.

अखेरची फूट वारा घडवून आणतो. सेलेंगासारख्या नद्यांच्या मुखांशी आधी मोकळे पाणी होते, त्यामुळे सुट्या झालेल्या थराला सरकण्यास वाव मिळतो आणि वाऱ्याने लोटलेले तुकडे किनाऱ्यावर ढिगांनी चढतात. दक्षिण भाग साधारणतः मेच्या पूर्वार्धात मोकळा होतो, उत्तरेस बर्फ जूनच्या आरंभापर्यंत टिकतो. बैकलमधील ‘नेर्पा’ या सीलची पिले हिवाळ्याच्या शेवटी बर्फावरील हिमगुहांत जन्मतात व दोन महिन्यांहून अधिक काळ दुधावर वाढतात. फूट लवकर झाली, तर त्यांना आईपासून अकाली दूर व्हावे लागते.