गाडी भाड्याची, विमा कुणाचा? काउंटरवरच्या एका सहीमागचा शंभर वर्षांचा इतिहास

या भागात थोडा इतिहास आहे आणि थोडा खिशाचा प्रश्न. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

मी वाळूजचा. १९८५ मध्ये इथे बजाजचा प्लांट सुरू झाला, आजूबाजूला व्हेंडर आले, बजाजनगर वसलं. आज इथली बरीच मुलं मशीन बसवायला, सॉफ्टवेअर टेस्ट करायला किंवा ट्रेनिंगला महिना-दोन महिने परदेशात जातात. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या टीममध्येही कुणी ना कुणी बॅग भरत असतं. शनिवार-रविवारी चार जण मिळून गाडी भाड्याने घेतात. एअरपोर्टवरच्या काउंटरवर प्रश्न येतो, "फुल कव्हर हवंय का?" मागे रांग असते, पुढे बारीक अक्षरातला कागद. आपण एकतर घाबरून सगळं घेतो, नाहीतर "आहे ना इन्शुरन्स आत" म्हणून सही ठोकतो.

त्या कागदावर दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र छापलेल्या असतात. एक समोरच्या माणसासाठी, एक गाडीच्या मालकासाठी. तुमच्यासाठी म्हणून त्यात आपोआप फारसं काही नसतं. हे असं का झालं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

आधी भाड्याची गाडी आली

अमेरिकेत ओमाहा नावाच्या शहरात जो सॉन्डर्स या माणसाने १९१६ च्या सुमारास आपली फोर्ड मॉडेल टी भाड्याने द्यायला सुरुवात केली. चाकाला अंतर मोजायचं यंत्र बसवलं आणि मैलाला दहा सेंट असा दर लावला, असं सांगतात. १९१८ मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्सने डझनभर मॉडेल टी घेऊन हाच धंदा सुरू केला. १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्झने विकत घेतला. आज एअरपोर्टवर दिसणारं हर्ट्झ हे नाव तिथलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, वॉरन एव्हिसने मिशिगनमधल्या एका विमानतळावर काउंटर टाकलं. 'विमानातून उतरा आणि किल्ली घ्या' हा प्रकार तिथून रुळला.

म्हणजे गाडी एकाची, चालवणारा दुसराच, तोही अनोळखी. अशा गाडीने कुणाला उडवलं तर भरपाई कोण देणार?

विमा सक्तीचा कुणासाठी झाला?

सुरुवातीला मोटारीचा विमा ही मालकाची मर्जी होती. ज्याला धक्का लागला त्याने कोर्टात जायचं, खटला जिंकायचा आणि शेवटी चालवणाऱ्याच्या खिशात काही नाही म्हणून घरी यायचं.

इंग्लंडमध्ये १९२८ मध्ये याच्याही पुढचा प्रकार झाला. हॅरिंग्टन मोटर कंपनीच्या गाडीने एका पादचाऱ्याला जखमी केलं. कंपनीचा विमा होता. पण भरपाई मिळायच्या आत कंपनी बुडाली. कोर्टाने सांगितलं, विम्याचे पैसे कंपनीचे आहेत, त्यामुळे ते सगळ्या देणेकऱ्यांच्या हिशेबात जातील. ज्याच्या अपघातामुळे ते पैसे आले, तोच त्या रांगेत इतरांसारखा एक!

त्यानंतर १९३० मध्ये ब्रिटनने दोन कायदे केले. एकाने जखमी माणसाला विमा कंपनीवर थेट हक्क दिला. दुसऱ्याने रस्त्यावर गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने ही सक्ती १९२७ पासूनच लावली होती.

यात एक गोष्ट नीट बघा. सक्ती कुणासाठी होती? रस्त्यावरच्या माणसासाठी. चालवणाऱ्याच्या गाडीचं काय होतं याच्याशी कायद्याला देणंघेणं नव्हतं.

आपल्याकडे १९४६

ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण मात्र लागू झालं १ जुलै १९४६ पासून. मधली सात वर्षं विम्याशिवाय गाडी फिरवायला या कायद्याची आडकाठी नव्हती. आपला मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप लागूही नव्हता.

१९५६ च्या दुरुस्तीने अपघात भरपाईसाठी वेगळी न्यायाधिकरणं आणली. आपण ज्याला एमएसीटी म्हणतो, ते हेच. पुढे २००४ मध्ये स्वर्णसिंह प्रकरणात सुप्रीम कोर्टाने एक गोष्ट पक्की केली. चालवणाऱ्याकडे योग्य लायसन्स नसलं, तरी विमा कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावता येतं. नंतर कंपनी ते मालकाकडून वसूल करू शकते. कोर्टाच्या भाषेत 'पे अँड रिकव्हर'. पुन्हा तेच. पीडित सांभाळला जातो, बिल मात्र फिरून आपल्याकडे येतं.

मग सीडीडब्ल्यू काय आहे?

आता परदेशातल्या काउंटरवर परत येऊ. भाड्यात थर्ड पार्टी बहुतेक ठिकाणी असतो, पण तो किती रकमेचा हे देशावर ठरतं. ब्रिटनमध्ये माणसाच्या इजेसाठी मर्यादा नाही. अमेरिकेत राज्य ठरवेल ती किमान रक्कम. कॅलिफोर्नियात १९६७ पासून एका माणसाच्या इजेसाठी किमान रक्कम होती १५ हजार डॉलर, ती ३० हजार झाली थेट २०२५ मध्ये. तिथल्या हॉस्पिटलच्या बिलासमोर ही रक्कम काहीच नाही. त्यात २००५ च्या ग्रेव्हज दुरुस्तीने, भाड्याने देणाऱ्या कंपनीची स्वतःची चूक नसेल तर केवळ गाडीची मालक म्हणून तिच्यावर जबाबदारी टाकता येत नाही. म्हणून अमेरिकेत काउंटरवर 'सप्लिमेंटल लायबिलिटी' विचारतात, तेव्हा ती नुसती विक्रीची युक्ती नसते. ती गंभीरपणे बघा.

आणि सीडीडब्ल्यू, म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर. नावातच बघा, 'वेव्हर' आहे, इन्शुरन्स नाही. ती भाड्याने देणाऱ्या कंपनीची कबुली आहे की "गाडीचं नुकसान झालं तर अमुक रकमेच्या वर आम्ही तुमच्याकडे मागणार नाही." ती अमुक रक्कम म्हणजे एक्सेस. युरोपात ती अनेकदा हजार युरोच्या पुढे असते आणि तेवढी रक्कम तुमच्या क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात. आपल्याकडे १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची वजावट असते फक्त १००० रुपये. म्हणून 'विमा आहे' हे शब्द ऐकले की आपल्याला वाटतं, झालं. तिथे तसं नसतं.

या वेव्हरवरून सरकारंही भांडली आहेत. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये ते विकायलाच बंदी घातली आणि सर्वसाधारण प्रकरणात ग्राहकाकडून जास्तीत जास्त १०० डॉलर घ्या असं सांगितलं. कंपन्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला आणि २००३ पासून तिथे ते पुन्हा विकलं जाऊ लागलं. थोडक्यात, हा धंद्याचा भाग आहे. त्याच्या अटीही धंद्याच्याच आहेत. टायर, काच आणि गाडीची खालची बाजू बहुतेक वेळा बाहेर. करारात नाव नसलेल्या मित्राने चालवली, दारू प्यायलेली असली, न विचारता दुसऱ्या देशात नेली, की सगळंच रद्द.

माझ्या एका मित्राला युरोपात फूटपाथच्या कडेला घासून फुटलेल्या टायरचं बिल आलं. त्यात गाडी गॅरेजमध्ये उभी होती त्या दिवसांचं भाडंही होतं. सीडीडब्ल्यू घेतलेलं होतं. कंपनी करारानुसार बरोबर होती, हेच जास्त झोंबतं.

इतकं लांब कशाला, गोवा बघा

हा प्रश्न परदेशातच आहे असं नाही. आपल्याकडे १९८९ ची 'रेंट अ कॅब' योजना आहे. परवान्यासाठी किमान ५० गाड्या लागतात. दुचाकीसाठी १९९७ ची वेगळी योजना आहे, तिथे किमान पाच. अशा अधिकृत गाड्यांची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी.

पन्नास गाड्या घेणं प्रत्येकाला कुठे जमणार? मग पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाड्या गुपचूप भाड्याने दिल्या जातात. दिवसाला दोनशे-तीनशे रुपये वाचतात म्हणून आपणही घेतो. पण खासगी गाडीच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की भाड्याने देण्यासाठी वापर नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला किंवा दिलेले पैसे नंतर वसूल करायला जागा मिळते. मालक म्हणतो, "मी मित्राला दिली होती." तुम्ही गोव्यात, केस गोव्यात, नोकरी वाळूजमध्ये. तेव्हा प्लेट बघा, आरसी बघा, पॉलिसीचा फोटो काढा.

निघण्याआधी

आयडीपी, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, १९४९ च्या जिनिव्हा करारातून आलेला कागद. आपल्या आरटीओतून मिळतो, फॉर्म ४ए, मुदत एक वर्ष. सोबत मूळ लायसन्स हवंच. त्या देशात चालतो का ते आधी बघा, कारण वैध परवाना नसेल तर वरचं कव्हर कोलमडू शकतं.

दुसरं, घरून घेतलेली ट्रॅव्हल पॉलिसी उघडून दोन गोष्टी शोधा. भाड्याच्या गाडीचा एक्सेस त्यात आहे का, आणि 'पर्सनल लायबिलिटी'मध्ये वाहन वगळलंय का. दुसरी गोष्ट बहुतेक वेळा वगळलेलीच असते.

तिसरं, काउंटरवर तीनच प्रश्न विचारा. थर्ड पार्टी किती रकमेचा? एक्सेस किती? काय काय वगळलंय? उत्तर कागदावर दाखवायला सांगा. मग किल्ली घेतल्यावर गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, टायर आणि काचेसकट. परत देतानाही तेच.

कायद्याने शंभर वर्षांत रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची सोय केली, आणि ते चांगलंच झालं. तो माणूस उद्या तुमचे वडील असू शकतात. पण तुमच्या खिशाची सोय कुठल्याच कायद्याने केलेली नाही. ती सही करण्याआधीच्या पाच मिनिटांत तुम्हालाच करायची आहे.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी ऑनसाइट निघालं असेल, तर हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात!