पे-पर-व्ह्यू (मुष्टियुद्ध व मिश्र द्वंद्वक्रीडा)

वाहिनीच्या नित्य वर्गणीखेरीज, केवळ एका सामन्यापुरते निराळे शुल्क घेऊन तो घरच्या दूरचित्रवाणी-संचावर दाखविण्याची, अमेरिकेत रूढ झालेली पद्धत. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महंमद अली आणि जो फ्रेझियर यांची जी इतिहासप्रसिद्ध झुंज झाली, ती अमेरिकन नागरिकांना घरी पाहता आली नाही. गावोगावच्या चित्रपटगृहांत तिकीट काढूनच त्यांनी ती पडद्यावर पाहिली. पुढे केबलचे जाळे पसरल्यावर तिकिटाची ही खिडकी जणू दिवाणखान्यातच आली. १९९१ साली होलिफील्ड-फोरमन झुंजीस ३५ डॉलरांच्या आसपास पडणारे शुल्क १९९७ च्या होलिफील्ड-टायसन पुनर्लढतीस सुमारे ५० डॉलर झाले, आणि २ मे २०१५ रोजी लास व्हेगास येथे मेवेदर व पॅकियाओ समोरासमोर आले, तेव्हा उच्च प्रतीच्या चित्रासाठी ९९.९५ डॉलरांवर गेले. तरीही ती झुंज सुमारे ४६ लक्ष ग्राहकांनी विकत घेतली आणि ४० कोटी डॉलरांहून अधिक वसुली झाली.

वर्षानुवर्षे वाट पाहावयास लावणाऱ्या अशा अपवादात्मक प्रसंगी रसिक जी किंमत आनंदाने मोजतो, तीच त्याने दर महिन्याच्या सामान्य सामन्यासही मोजावी, ही अपेक्षा मात्र सर्वथा अन्याय्य होय. आणि मिश्र द्वंद्वक्रीडेत नेमके तेच घडले. १९९३ साली डेन्व्हर येथे भरलेला, या क्रीडेच्या लढती भरविणाऱ्या यूएफसी या संस्थेचा पहिला मेळावा १४.९५ डॉलरांत दिसला होता. २०१९ मध्ये प्रक्षेपणाचा मक्ता ईएसपीएन प्लस या वर्गणीच्या प्रक्षेपणसेवेकडे गेला, तेव्हा शुल्क ५९.९९ डॉलर होते; नंतर जवळजवळ प्रत्येक नववर्षाबरोबर पाच-पाच डॉलरांची भर पडत २०२३ च्या जानेवारीत ते ७९.९९ डॉलरांवर पोहोचले. निव्वळ महागाईच्या हिशेबाने १९९३ चे १५ डॉलर २०२३ मध्ये ३१-३२ च्या पुढे जात नाहीत. शिवाय हे शुल्क भरण्याचा अधिकारदेखील मासिक वर्गणीदारालाच होता, म्हणजे एकाच दारावर दोनदा जकात.

मुष्टियुद्धातील शुल्कवाढीचे मूळ प्रक्षेपणाच्या खर्चात नाही. नामांकित मुष्टियोद्ध्यास आगाऊ हमी द्यावी लागते, केबल-चालकांचा हिस्सा परंपरेने निम्म्याच्या घरात असतो, आणि चोरून पाहणाऱ्यांमुळे बुडालेली रक्कम प्रामाणिक ग्राहकाकडूनच भरून काढण्याकडे आयोजकांचा कल असतो. त्यामुळे जो सर्वांत निष्ठावान, त्याच्यावरच सर्वांत मोठा भार पडतो. ज्या गरीब वस्त्यांतून बहुसंख्य मुष्टियोद्धे पुढे आले, तेथील मुलांना आपल्याच वीरांची झुंज पाहणे परवडू नये, ही या पद्धतीची सर्वांत क्लेशदायक बाजू आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूएफसीने पॅरामाउंट या माध्यमसंस्थेशी सात वर्षांचा, ७.७ अब्ज डॉलरांचा करार जाहीर केला. त्यान्वये २०२६ पासून अमेरिकेत तिचे सामने नित्य वर्गणीतच दाखविण्याचे ठरले. यूएफसीस हे शक्य झाले, कारण तिचे सर्व योद्धे एकाच संस्थेशी करारबद्ध असतात. मुष्टियुद्धात तशी एकछत्री सत्ता कोणाचीच नाही; निरनिराळे आयोजक एकत्र येऊन प्रत्येक मोठ्या झुंजीचा करारनामा नव्याने करतात आणि प्रेक्षकाने काय द्यावे, हेही त्या-त्या वेळीच ठरते.