कोंबडी, कुंपण आणि कायदा

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, राज्यारोहणे असतात. परंतु माणूस शेती करू लागला आणि जनावरे पाळू लागला तेव्हापासून जे भांडण आजतागायत मिटलेले नाही, त्याला या पुस्तकांत क्वचितच जागा मिळते. एकाच्या जनावराने दुसऱ्याच्या आवारात शिरून केलेल्या नासधुशीचे ते भांडण. त्यात प्रश्न नेहमी एकच असतो. कुंपण कोणी घालावयाचे? ज्याचे जनावर त्याने, की ज्याचे पीक त्याने? कोणत्या काळाने याचे काय उत्तर दिले ते पाहिले, म्हणजे त्या काळी कायदा कोणाच्या ओसरीवर बसत असे हे बरेचसे कळते.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मालक आणि गुराखी यांच्या वादाचे प्रकरण आहे. गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीची जमीन गुरांसाठी मोकळी ठेवावी आणि तेथे कोणी बिनकुंपणाचे पीक केले व ते गुरांनी खाल्ले, तर राजाने गुराख्याला दंड करू नये, असे मनू सांगतो. कुंपण कसे असावे? उंटाला पलीकडचे दिसणार नाही इतके उंच, आणि कुत्र्याला किंवा डुकराला तोंड खुपसता येईल असे एकही भगदाड नसलेले. असे कुंपण असूनही गुरे शिरली, तर मात्र गुराख्याला शंभर पण दंड. विऊन दहा दिवस न झालेली गाय दंडातून मोकळी. याज्ञवल्क्याने तर दरच ठरवून दिला: म्हशीला आठ माष, गाईला त्याच्या निम्मे, शेळीमेंढीला गाईच्या निम्मे. जेवढा घास मोठा, तेवढा दंड मोठा.

या दरपत्रकात कोंबडी नाही. मनूने गावठी कोंबड्याचे नाव घेतले आहे ते पाचव्या अध्यायात, लसूण-कांद्याच्या पंगतीला, द्विजांनी काय खाऊ नये ते सांगताना. म्हणजे शास्त्रकारांना कोंबडी ठाऊक होती. ती ताटात नको एवढेच त्यांनी पाहिले, ती अंगणात आली तर काय करावयाचे हे सांगितले नाही.

इंग्रजी अमदानीत हे शास्त्र छापील झाले. १८५७ साली मोकाट गुरांबद्दल एक कायदा झाला, आणि त्याची जागा घेणारा १८७१ चा पहिला कायदा पुढे गावोगाव ‘कोंडवाड्याचा कायदा’ म्हणून ओळखला गेला. पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने धरावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे. मूळ दर असा होता: हत्तीला दोन रुपये, उंट व म्हशीला आठ आणे, घोडा, बैल व गाईला चार आणे, वासरू, गाढव व डुकराला दोन आणे, शेळीमेंढीला एक आणा. चाऱ्यापाण्याचा खर्च निराळा. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिस ठाण्याला कळवावयाचे, दवंडी पिटावयाची, आणि त्यानंतरही सात दिवसांत कोणी आले नाही तर लिलाव.

कागदावर व्यवस्था न्यायाची दिसते. परंतु ज्याला कुंपणाचे शेत होते त्याला हा कायदा आधार झाला, आणि ज्याची एकच शेळी बांधावरच्या गवतावर जगत होती त्याला तो दहशत झाला. त्याच काळात चराऊ जमीन आकसत होती. जंगलखात्याने पडीक जमिनी आणि गायराने आपल्यात ओढून घेतली, अशी तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये केलीच आहे. मनूच्या व्यवस्थेत निदान शंभर धनुष्ये मोकळी होती. येथे चरायची जागा गेली आणि दंड तेवढा राहिला. पुढे १९७४ साली दया पवारांनी आपल्या पहिल्या कवितासंग्रहाला ‘कोंडवाडा’ हे नाव दिले. त्या नावाचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगावा लागला नाही.

या कायद्याने जनावर कशाला म्हणावे ते नावनिशीवार सांगितले आहे. हत्तीपासून करडापर्यंत सारे आहेत. कोंबडी येथेही नाही. आता गंमत पाहा. ज्या इंग्रजांनी हा कायदा लिहिला, त्यांच्या स्वतःच्या देशात शेजाऱ्याच्या आवारात शिरणाऱ्या जनावरांत कोंबडी धरली जात असे. नासधूस करताना जनावर पकडावे आणि भरपाई मिळेपर्यंत अडकवून ठेवावे, हा तेथला जुना हक्क. आपल्या कोंडवाड्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, १९७१ साली, इंग्लंडने हा जुना रिवाज मोडून नवा कायदा केला. त्यात कोंबडी, बदक, हंस, टर्की, कबूतर, मोर, लावा अशी सारी पाखरे नाव घेऊन मोजली आहेत, आणि नुकसानीची जबाबदारी पाळणाऱ्यावर टाकली आहे. केवळ कुंपण घातले नाही म्हणून पीकवाल्याला दोष देता येत नाही. मनूच्या बरोबर उलट!

आपल्याकडे कोंबडी का सुटली? मला वाटते, सरकारचे लक्ष सारा देणाऱ्या शेतावर होते, परसावर नव्हते. दुसरे कारण आपले आपल्यातच आहे. कोंबड्या पाळणारी घरे आणि तुळशीवृंदावनाची अंगणे पुष्कळ गावांत वेगवेगळ्या आळ्यांत होती. कोंबडी अंगणात आली की वाफा उकरल्याचा राग थोडा आणि विटाळाचा राग फार, असा तो प्रकार असे. ज्या बाईची कोंबडी, तिला मात्र ती अंडी म्हणजे नवऱ्यापुढे हात न पसरता मिळणारे मीठमिरचीचे पैसे. दगड भिरकावणाऱ्याला हा हिशेब दिसत नसे.

माझ्या शेजारीही कोंबड्या आहेत, आणि माझ्या मेथीचा वाफा त्यांनी एका हंगामात तीनदा उकरला. कोंबडीला मेथीशी वैर नसते. भुसभुशीत माती दिसली की किडे शोधायला आणि धुळीत अंग घोळायला ती धावते. म्हणून पेरलेल्या वाफ्यावर रोपे वर येईपर्यंत मी बोरीच्या काट्या पसरू लागलो. शेजारच्या वहिनींना एवढेच म्हटले, “वहिनी, दुपारपर्यंत खुराडं उघडू नका. अंडी बहुतेक सकाळचीच असतात, ती तुमच्याच घरात पडतील.” त्या हसून म्हणाल्या, “बघते भाऊजी. नाहीतरी निम्मी अंडी कुंपणापलीकडंच जातात.” आता कोंबड्या दुपारी सुटतात आणि तिन्हीसांजेला आपण होऊन परत जातात.

कुंपण एकानेच घालावयाचे, असे धरून कायदे चालतात; त्यांना कोणाला तरी दंड करावयाचाच असतो. हत्तीसाठी दोन रुपये ठरवणे सोपे होते. कोंबडी कायद्याच्या फटीतून सुटली, म्हणून तिचा निवाडा दोन शेजाऱ्यांनाच करावा लागला. त्यात काट्या एकाच्या असतात, खुराडे दुसऱ्याचे.